घर बोल्टनमध्ये, प्रश्न कोथरूडच्या फ्लॅटचा

‘तुमच्या किंवा तुमच्या पत्नीच्या नावावर जगात कुठेही घर आहे का? एखाद्या घरात वाटा? वारसाहक्काने आलेला असला तरी सांगा.’

2025 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या बोल्टनच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा सॉलिसिटर बाईंनी, म्हणजे घर खरेदीचं कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाने, हे विचारलं. मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो आणि लगेच थबकलो. 2023 च्या ऑक्टोबरात बाबा गेले. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटला वारस दोघंच, आई आणि मी. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आम्हा दोघांची नावं लागली, त्या कागदांवर सह्या करून मी परत इंग्लंडला आलो. तो फ्लॅट आमच्या लेखी आईचा. माझा त्यात वाटा आहे हे मला ठाऊक होतं, पण ‘माझं घर आहे’ असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्या एका प्रश्नाने काय वाचलं ते पुढे सांगतोच. आधी त्या ऑफिसापर्यंत पोचायला पाच महिने का लागले ते सांगायला हवं, कारण चूक माझी होती.

पहिल्यांदा आम्ही घर पाहिलं 2024 च्या नोव्हेंबरात. ऑफर मान्य झाली आणि त्याच फोनवर इस्टेट एजंट म्हणाला, ‘आमचे सॉलिसिटर आहेत, त्यांच्याकडेच द्या, काम लवकर होतं.’ कोटेशन आलं 495 पौंडांचं. इतर ठिकाणी हजाराच्या पुढे आकडे होते. आपल्याकडे पुण्यात फ्लॅट घेताना एजंटच्या ओळखीचा वकील करार बनवतो, सब-रजिस्ट्रारकडे सगळे एकत्र जातात, काम होतं. मी त्याच हिशेबाने हो म्हटलं.

इथली पद्धत वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी काहीच बांधलेलं नसतं. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर कराराची देवाणघेवाण करतात, त्याला ‘एक्सचेंज’ म्हणतात, आणि तोपर्यंत विकणारा किंवा घेणारा कधीही माघार घेऊ शकतो. (स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, तिथे घर घेणाऱ्यांनी माझ्या अनुभवावर जाऊ नये.) त्यामुळे ऑफर ते एक्सचेंज हा काळ जितका लांबेल तितका धोका. आणि हा काळ लांबणार की आटोपणार, हे बरंचसं तुमच्या सॉलिसिटरच्या हातात असतं.

आमचं काम एका दूरच्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात गेलं. फोन केला की दर वेळी नवीन माणूस. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एकाने मागितलेली बँक स्टेटमेंट दुसऱ्याला सापडायची नाहीत. समोरच्या पक्षाने पाठवलेली उत्तरं अकरा दिवस कोणी उघडलीच नव्हती, हे आम्हाला विकणाऱ्या बाईंकडूनच कळलं. त्यात वेळ वाईट होती. 1 एप्रिल 2025 पासून स्टॅम्प ड्युटीच्या सवलती कमी होणार होत्या, म्हणून प्रत्येकाला 31 मार्चच्या आत व्यवहार उरकायचा होता. फेब्रुवारीच्या शेवटी विकणाऱ्या बाईंनी दुसरा गिऱ्हाईक धरला. त्यांना दोष देता येत नाही. आमचे सर्वे आणि सर्च (घराची पाहणी आणि त्या जागेच्या नोंदींचा शोध) मिळून हजारभर पौंड पाण्यात गेले, आणि बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिने त्या घराच्या मागच्या खोलीत मुलीचं टेबल कुठे ठेवायचं हेसुद्धा ठरवलं होतं.

495 चं बिल खरं तर किती झालं असतं तेही तेव्हा नीट पाहिलं. घर लीजहोल्ड (म्हणजे जमीन दुसऱ्याची, घर लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर) असल्याचे वेगळे, घरच्यांकडून भेट आलेले पैसे असल्याचे वेगळे, ओळख तपासणीचे वेगळे, बँकेतून पैसे पाठवण्याचे वेगळे, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे, आणि या सगळ्यावर 20 टक्के व्हॅट. बेरीज स्थानिक सॉलिसिटरच्या आसपासच येत होती. एजंटला त्यांच्याकडून दलाली मिळते, हेही पत्रात लिहिलेलं होतं. तसं सांगणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे. मी ते पान वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी बायकोला म्हटलं, घर नंतर, आधी सॉलिसिटर. हे उलटं वाटेल, पण ऑफर मान्य झाली की एजंट दोन दिवसांत नाव मागतो, आणि घाईत माणूस समोर येईल त्याला हो म्हणतो.

आम्ही लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेच्या ‘फाइंड अ सॉलिसिटर’ या यादीत बोल्टन आणि आसपासची नावं काढली. कन्व्हेयन्सिंग, म्हणजे घराच्या व्यवहाराचं कायदेशीर काम, त्याच्या दर्जाचा ‘कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम’चा शिक्का कोणाकडे आहे ते पाहिलं, कारण बऱ्याच बँका तो मागतात. मग सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत नाव तपासलं. घराच्या व्यवहाराची फी जाहीर करणं डिसेंबर 2018 पासून सॉलिसिटर ऑफिसांना सक्तीचं आहे, त्यामुळे आकडे तुलनेला मिळतात. फक्त सॉलिसिटरच हवा असंही नाही, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर नावाचे लोक हेच काम करतात आणि त्यांचीही स्वतंत्र नियामक संस्था आहे. आम्ही शेवटी तिघांना फोन केले.

फोनवर मी फी शेवटी विचारली. आधी विचारलं, माझी फाइल कोण बघणार, नाव सांगा. ती व्यक्ती उन्हाळ्यात रजेवर जाणार असेल तर तेव्हा कोण? ईमेलला उत्तर साधारण किती दिवसांत? आम्हाला मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या सॉलिसिटरांच्या यादीत, तुम्ही आहात का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण इथे बहुतेक वेळा एकच सॉलिसिटर तुमचंही आणि बँकेचंही काम पाहतो. पॅनलवर नसेल तर बँकेचा वेगळा सॉलिसिटर, वेगळी फी, वेगळा उशीर.

पहिल्या ठिकाणी ‘आमची टीम बघते’ असं उत्तर मिळालं. दुसरीकडे माणूस चांगला होता, पण पॅनलवर नव्हता. तिसरीकडे फोन थेट त्या बाईंनीच उचलला. म्हणाल्या, ‘फाइल मी बघते. ऑगस्टमध्ये एक आठवडा नसेन, तेव्हा माझी सहकारी बघेल, तिला आधीच भेटवून देते.’ फी 1,150 पौंड अधिक व्हॅट, आणि बाकी खर्चाची यादी त्याच संध्याकाळी ईमेलवर. आम्ही म्हटलं, येऊन भेटतो. आणि त्या भेटीत तो प्रश्न आला.

आता त्या प्रश्नाचं गणित. आमचं घर 3,10,000 पौंडांचं. पहिलं घर घेणाऱ्यांना 3 लाखांपर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य आणि वरच्या भागावर 5 टक्के, म्हणजे आम्ही धरले होते फक्त 500 पौंड. पहिल्या ऑफिसच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘फर्स्ट टाइम बायर?’ समोर मी बिनधास्त खूण केली होती. आम्ही दोघांनी आयुष्यात घर विकत घेतलंच नव्हतं ना.

बाईंनी समजावलं की ‘पहिलं घर’ याचा अर्थ जगात कुठेही पहिलं. वारसाने आलेला वाटाही धरतात. आणि दोघं मिळून घेत असतील तर दोघंही पात्र हवेत, म्हणजे माझ्यामुळे बायकोचीही सवलत गेली. पण एवढ्यावर थांबत नाही. दुसरं घर आधीपासून असेल आणि तुमच्या वाट्याची किंमत 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर संपूर्ण रकमेवर 5 टक्के अधिभार बसतो. फ्लॅट साधारण सव्वा कोटीचा, माझा अर्धा वाटा त्या मर्यादेच्या वरच जातो. अधिभारासह आकडा झाला असता 21,000 पौंड. ऐकून माझे हात गार पडले.

मग त्यांनी विचारलं, वडील कधी गेले? ऑक्टोबर 2023 सांगितल्यावर त्या वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या, ‘वारसाने आलेला वाटा अर्ध्यापेक्षा जास्त नसेल आणि तीन वर्षांच्या आत असाल, तर अधिभारासाठी तो धरत नाहीत. कागद दाखवा, खात्री करून सांगते.’ बाबांचा मृत्यू दाखला, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं पत्र. मराठी पत्राचं प्रमाणित भाषांतर करून घेतलं. आठ दिवसांनी लेखी आलं: नेहमीच्या दराने 5,500 पौंड. 1,25,000 ते 2,50,000 या टप्प्यावर 2 टक्क्यांचे 2,500, आणि वरच्या 60,000 वर 5 टक्क्यांचे 3,000.

500 धरलेले, 5,500 भरले. पण विचार करा, पहिला व्यवहार तडीस गेला असता तर माझ्या सहीने सरकारकडे चुकीचा फॉर्म गेला असता. तो फॉर्म सॉलिसिटरने भरला तरी जबाबदारी घेणाऱ्याची असते. वसुली, व्याज, दंड, सगळं माझ्या दारात. परदेशात असलेल्या आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांचं नाव गावच्या घराला किंवा आईवडिलांच्या फ्लॅटला लागलेलं असतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं. तुमचं प्रकरण माझ्यासारखंच असेल असं नाही. पण पहिल्या भेटीतच हे स्वतःहून सांगा, समोरच्याने विचारो न विचारो.

पैशांच्या स्रोताची तपासणी हा दुसरा मोठा भाग. आईने बाबांची मुदत ठेव मोडून 20 लाख पाठवले. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला पैसा कुठून आला याची साखळी लागते: ठेवीची पावती, मोडल्याची नोंद, आईचं खातं, तिथून आमचं खातं. आणि भेट असल्याचं आईच्या सहीचं पत्र, की हे परत मागणार नाही आणि घरात हक्क सांगणार नाही. ते पत्र वाचताना आई फोनवर म्हणाली, ‘मी कशाला मागेन रे?’ तिला वाईट वाटलं होतं. मी बाईंना सांगितलं, तर त्यांनी आईसाठी साध्या इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या की हे प्रत्येक आईकडून घेतात, बँकेचा नियम आहे. मी त्या मराठीत वाचून दाखवल्या. फीच्या यादीत अशा गोष्टीची ओळ नसते. भारतातून पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आयकर) कापते, तो आईला विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तेवढे पैसे आधी हाताशी लागतात. ते आम्हाला ऐन वेळी कळलं.

बाकी काम तुलनेने सुरळीत झालं. स्थानिक माणूस का, याचं उत्तर मात्र इथे मिळालं. घर 999 वर्षांच्या लीजवर आहे, वर्षाचं ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, 5 पौंड. मी ‘लीजहोल्ड’ वाचून घाबरलो होतो. त्या म्हणाल्या, बोल्टनमध्ये अशी घरं गल्लोगल्ली आहेत, घाबरायचं ते दर काही वर्षांनी वाढणाऱ्या ग्राउंड रेंटला. पण त्याच लीजमध्ये बांधकामाला फ्रीहोल्डरची, म्हणजे जमिनीच्या मालकाची, परवानगी लागते असं कलम होतं, आणि मागचं स्वयंपाकघर वाढवलेलं होतं. परवानगीचा कागद नव्हता. त्यांनी ते नकाशा पाहताच पकडलं आणि पुढे त्यावरून वाद निघाला तर उपयोगी पडेल असा विमा विकणाऱ्याच्या खर्चाने काढून घेतला. हा भाग जुन्या लँकेशायर कोळसापट्ट्यातला, म्हणून खाणींचा सर्चही पहिल्याच दिवशी मागवला. दूरच्या ऑफिसने तो सातव्या आठवड्यात मागवला होता.

एक धोक्याची गोष्ट. एक्सचेंजच्या आधी 31,000 पौंड डिपॉझिट भरायचं होतं. ईमेल हॅक करून ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असं कळवणारे चोर याच क्षणाची वाट बघतात. बाईंनी खाते क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर हातात दिला होता आणि सांगितलं होतं, हा कधीही बदलणार नाही. तरी मी आधी 1 पौंड पाठवला, ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करून पोचल्याची खात्री केली, मगच उरलेले पाठवले.

22 जुलैला एक्सचेंज झालं, 8 ऑगस्टला कम्प्लीशन, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात. दुपारी पाऊणच्या सुमाराला फोन आला, ‘पैसे पोचले, किल्ल्या एजंटकडे आहेत.’ त्या रजेवर नव्हत्या, रजा एक आठवडा पुढे ढकलली होती, हे नंतर त्यांच्या सहकारी बाईंकडून कळलं. स्टॅम्प ड्युटीचं विवरण 14 दिवसांत जावं लागतं, ते चौथ्या दिवशी गेलं. फॉर्म पाठवण्यापूर्वी त्यांनी फोन करून मला एकेक रकाना वाचून दाखवला. कोथरूडच्या रकान्यापाशी थांबल्या, आणि बाबांच्या मृत्यूची तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली.

आठवड्याभरात शेवटचा हिशेब आला. आम्ही जास्तीचे भरलेले 41 पौंड त्यांनी परत केले होते.