मान वर!

गुरुवार, रात्री

आठवीच्या तासाला आजही बास्केटबॉलचं ड्रिबलिंगच घेतलं, म्हणजे चेंडू एका हाताने जमिनीवर आपटत पुढे नेणं. सकाळी पावसाची सर येऊन गेलेली. परळच्या आमच्या शाळेचं पटांगण सिमेंटचं, त्यामुळे कडेला पाणी साचलेलं. पोरं मागे लागली होती, "सर, मॅच लावा ना!" नाही लावली. चेंडू पुढे नेता येत नाही तोवर मॅचमध्ये दोघंतिघंच खेळतात, बाकीची नुसती मागे पळतात. ते मला बघवत नाही.

तळहाताने थापट्या मारायची सवय तशी लवकर सुटते. बोटं फाकवायची, पेरांनी चेंडू दाबायचा, जोर मनगटाचा, उसळी कमरेच्या आत. मान मात्र खालीच! चेंडूकडे बघत राहिलं की अंगावर कोण येतंय, आपला कोण मोकळा आहे, काही दिसत नाही. म्हणून मी समोर उभा राहून बोटं दाखवतो. ड्रिबल चालू ठेवून आकडा ओरडायचा. चेंडू सुटतात, पाण्यात जातात. आणायचे, पुसायचे, पुन्हा सुरू.

कबड्डीच्या संघातली एक मुलगी चढाईला वाकते तशीच गुडघ्यात वाकली. उजव्या हाताखाली चेंडू, डावा हात आडवा धरून चेंडूची राखण. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग हात बदलायला लावला आणि सगळं बिघडलं. चेंडू बुटावर आपटून पळायचा, ही दातओठ खात परत आणायची. घंटा झाली तरी थांबेना. शेवटी डाव्या हाताने सलग जमलं, मान वर, "तीन! पाच! दोन!" मला इतका आनंद झाला की पुढच्या वर्गाला उशीर झाला.

मध्येच एकाने विचारलं, चेंडू धरून पळालं तर काय होतं? सांगितलं, १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हाही पळायला बंदीच होती, आणि त्यांच्या १३ नियमांत ड्रिबलिंग नव्हतंच. चेंडू मिळेल तिथूनच पास द्यायचा. कोंडीत सापडलेल्या खेळाडूंनी चेंडू जमिनीवर टाकून पुन्हा आपणच घ्यायची युक्ती काढली. पोरांना हे फार आवडलं.

पुढच्या तासाला सगळ्यांचा डावा हात. कपाटातले गुळगुळीत झालेले जुने चेंडूही हवा भरून काढायचे. रांगेत ताटकळण्यापेक्षा तसला चेंडू हातात असलेला बरा. जमलं तर एखाद्या शनिवारी नागपाड्याला नेईन, तिथली मोठी पोरं कशी खेळतात ते दाखवायला. आधी पालकांची परवानगी घ्यायला हवी.