नाही म्हणा, पण एकदाचं म्हणा

एका प्रोग्रॅमिंग भाषेत बदल सुचवणारा आमचा प्रस्ताव शेवटी मंजूर झाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नकार पचला नाही म्हणून हा माणूस चिडलाय, असं वाटायचं. चीड आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आणि भाषेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली बहुतेक मंडळी स्वतःचा वेळ घालून, बिनपगारी काम करतात.

मी रोज वापरतो त्या या भाषेत कोडचा तो तुकडा, म्हणजे ब्लॉक, संपला की फाइल आपोआप बंद होते. सोय चांगली आहे. पण बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, उरलेला डेटा बऱ्याचदा फाइल बंद होतानाच डिस्कवर जातो. नेमकी तेव्हा डिस्क भरलेली असेल, तर जी एरर येते ती आमची भाषा गुपचूप गिळून टाकायची. प्रोग्रॅम सांगणार सगळं ठीक, आणि फाइल अर्धवट. ही एरर गिळू नका, वर पाठवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

मसुदा लिहिणं जड गेलं नाही. ठरलेला नमुना असतो: बदल कशासाठी, नेमका काय, जुन्या कोडचं काय होईल, कोणते पर्याय बाजूला ठेवले. मी भाषा सांभाळणाऱ्या कोर टीममध्ये नसल्यामुळे आतला एक पाठीराखा लागणार होता, तोही लवकर मिळाला. पायथॉन या भाषेतही हाच नियम आहे. कोर डेव्हलपर नसाल तर प्रस्तावाला त्यांच्यापैकी कुणीतरी प्रायोजक लागतो. मला तो जाच वाटला नाही. उलट माझ्या पाठीराख्याने मसुद्यातली दोन पानं उडवली आणि प्रस्ताव सुधारला.

चर्चेत अपेक्षेप्रमाणे मूळ मुद्दा बाजूला राहिला आणि नव्या पर्यायाचं नाव काय ठेवायचं यावर धुमश्चक्री झाली. होऊ द्यावी. पायथॉनमध्ये := या एका चिन्हावरून इतकं रण माजलं, की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर खुद्द पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी जुलै 2018 मध्ये अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली. पुढे तिथे पाच जणांची निवडून आलेली समिती आली. त्या मानाने आमचं भांडण किरकोळच.

खरं गाडं अडलं ते यानंतर. आमच्या भाषेच्या समितीने निर्णयाचे अधिकार एका सदस्याकडे सोपवले, प्रस्तावावर 'विचाराधीन' असं लेबल लागलं, आणि सगळं शांत. सुरुवातीला वाटलं, वाचत असतील. मग वाटलं, सुट्टीवर असतील. मग काही वाटणंच बंद झालं. प्रस्तावाच्या पानावर हालचाल दिसायची ती दोघांची, माझी आणि बॉटची, म्हणजे आपोआप तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमची. मुख्य कोड रोज पुढे सरकत होता आणि माझी शाखा, म्हणजे माझा बदल असलेली कोडची प्रत, मागे पडत होती. मग बॉट यायचा: या शाखेत कॉन्फ्लिक्ट आहेत, म्हणजे माझे बदल मुख्य कोडमधल्या बदलांशी भिडताहेत. तीच फाइल, त्याच चार ओळी. मी त्या सोडवायच्या, टेस्ट हिरव्या करायच्या, की थोड्या दिवसांत बॉट पुन्हा हजर. मधूनच एखादा अनोळखी माणूस 'याचं पुढे काय झालं?' विचारून जायचा. त्याला काय सांगणार, मलाच कुणी सांगत नव्हतं.

नकार आला असता तर चाललं असतं, हे मनापासून लिहितोय. नकाराला कारण असतं, कारणावर वाद घालता येतो, नाहीतर गाशा गुंडाळून दुसरं काम हाती घेता येतं. भिजत पडलेल्या घोंगड्याचं काय करायचं? मसुदा कसा लिहावा याचे नियम पानभर, पण निर्णय कधीपर्यंत द्यावा याबद्दल अक्षर नाही.

आणि असा नियम करता येत नाही असंही नाही. पीएचपी भाषेत चर्चेनंतर सरळ मतदान होतं. ते कधी संपणार हे आधीच लिहिलेलं असतं, आणि दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत तर विषय संपला. गो भाषेची समिती आधी आपला कल जाहीर करते, 'बहुधा मंजूर' किंवा 'बहुधा नामंजूर', आणि शेवटचे आक्षेप मागवून निकाल देते. रस्ट भाषेत अखेरच्या हरकतींसाठी दहा दिवस ठरलेले आहेत. अर्थात ते दहा दिवस सुरू व्हायलाच टीममधल्या जवळपास सगळ्यांची संमती लागते, आणि तिथे किती वेळ जाईल याला मर्यादा नाही. पायथॉनमध्ये नन (None, म्हणजे 'किंमतच नाही') असलेल्या किमतींसाठी ऑपरेटर, म्हणजे खास चिन्हं, सुचवणारा प्रस्ताव 505 तर 2015 चा आहे. तो कितीतरी वर्षं 'लांबणीवर' या शिक्क्याखाली पडून राहिला. पण निदान शिक्का तरी खरं बोलतो.

त्यातच फीचर फ्रीझची तारीख आली आणि गेली. त्या तारखेपर्यंत बदल आत गेला नाही तर थेट पुढच्या आवृत्तीची वाट बघायची. त्या दिवशी मी लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

शेवटी कोंडी कशी फुटली? मी नवा युक्तिवाद करायचा सोडून दिला. एका छोट्या टिपणात एवढंच लिहिलं: उरलेले प्रश्न हे, प्रत्येकावर माझं उत्तर हे, आता समितीने निर्णय द्यावा, दुसऱ्या सदस्याकडे द्यावा किंवा प्रस्ताव परत पाठवावा, तिन्हींपैकी काहीही चालेल. टिपण एका सदस्याला नाही, अख्ख्या समितीला उद्देशून होतं. उत्तर आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आलं. ज्यांच्याकडे अधिकार होते त्यांना नव्या नोकरीमुळे वेळच मिळत नव्हता, आणि ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं! दुसऱ्या सदस्याने प्रस्ताव हातात घेतला, दोन नेमके प्रश्न विचारले आणि मंजुरी दिली. अट एकच: आधी एका आवृत्तीत फक्त इशारा दाखवायचा, एरर त्यानंतर. अट रास्तच आहे. पायथॉनमध्ये तर असा इशारा सहसा किमान दोन आवृत्त्या दाखवावा लागतो. तेव्हा वाट बघून कंटाळलात तर एका माणसाला टोचत बसू नका, ज्यांनी त्याला अधिकार दिले त्यांना विचारा.

हे आधीच लिहायला हवं होतं: जुना कोड किती मोडेल, या प्रश्नाला 'फार नाही' असं उत्तर कधी देऊ नका. मी लोकप्रिय पॅकेजेस उतरवून घेतली आणि बदललेल्या इंटरप्रिटरवर, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, त्यांच्या टेस्ट चालवल्या. मोडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी फाइल खरोखरच अर्धवट लिहिली जात होती, म्हणजे बग त्यांचाच निघाला. रस्टवाल्यांकडे या कामासाठी क्रेटर नावाचं खास साधन आहे. आमच्याकडे माझी स्क्रिप्ट आणि रात्रभर तापलेला लॅपटॉप. पण निकालांचा तक्ता मांडल्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही, याचा मला अजून माज आहे.

आणि मंजुरी म्हणजे बदल भाषेत आला, असं समजू नका. रस्टमध्ये जेनेरिक असोसिएटेड टाइप्स या नव्या सुविधेचा प्रस्ताव 2017 मध्ये मंजूर झाला, पण स्थिर आवृत्तीत ते आले 2022 च्या नोव्हेंबरात. माझा कोड सध्या रिव्ह्यूत आहे. इशाऱ्याच्या मजकुरात फाइलचं नाव दाखवायचं की संपूर्ण पाथ, यावर चर्चा चालू आहे. कालच बॉट येऊन गेला, त्याच चार ओळी.