१:४८ मधलं जुनं अमेरिकन धान्यकोठार: तीन भिंती उकलून पुन्हा लावल्या

जुन्या अमेरिकन धान्यकोठाराचं १:४८ प्रमाणातलं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) मॉडेल करतोय; गेल्या वेळी त्याची चौकट उभी झाली होती. या पंधरवड्यात पुढे सरकण्याऐवजी तीन भिंती उकलल्या, आणि ते केलं हे बरंच झालं.

झालं असं की ओट साठवायच्या कोठाराला फळ्या मी खांबांच्या बाहेरून लावल्या, घराला लावतात तशा. खऱ्या कोठारांच्या फोटोंत खांब बाहेर उघडे दिसतात, ते मला काम अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं. ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ १९३३ पासून जुन्या इमारतींची मापासकट रेखाचित्रं करतो. त्यातली शेतावरच्या इमारतींची पानं चाळताना उलगडा झाला. सुटं धान्य भिंतीला आडवं रेटतं. फळी आतून असली की हा रेटा तिला खांबावर घट्ट दाबतो. बाहेरून असली की तोच रेटा खिळे उपसतो. भिंत उलटी नव्हे, अगदी सुलटी आहे! आता कुठलंही जुनं कोठार दिसलं की आधी खांब कुठल्या बाजूला आहेत ते बघतो.

पांढरा गोंद होता म्हणून निभावलं. कोमट पाण्यात भिजवलेला ब्रश सांध्यांवर फिरवत राहिलो, फळ्या सुटल्या. बासवूडच्या (मॉडेलसाठी वापरतात त्या मऊ लाकडाच्या) पट्ट्या वाकल्या होत्या, त्या काचेखाली दोन दिवस दाबून सरळ केल्या.

शेजारच्या कॉर्न क्रिबचं, म्हणजे मक्याच्या कोठाराचं, गणित वेगळं. तिथे दाणे नाहीत, मक्याची अख्खी कणसं. ती वाऱ्यावर सुकायची, म्हणून भिंतीला फटी आणि इमारत अरुंद. मी तळाशी सहा फूट धरले, म्हणजे मॉडेलमध्ये ३८ मिमी. भिंती वर जाताना बाहेर कलतात, त्यामुळे पावसाचं पाणी त्यांच्यावरून ओघळत नाही. एक इंचाची फट इथे जेमतेम अर्धा मिमी होते, त्यासाठी ०.५ मिमीची स्टायरीनची (प्लास्टिकची) पट्टी मध्ये धरून एकेक फळी चिकटवली. पहिल्या तुकड्यात पातळ इन्स्टंट गोंद वापरला; तो फटीत शोषला जाऊन पट्टीच अडकली. आता सुईच्या टोकावर थेंबभर पांढरा गोंद, तोही फक्त खांबावर.

एक बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकन माप) दाणे कणसांच्या रूपात साधारण दुप्पट जागा खातात, म्हणून क्रिब एवढ्या लांबलचक. १९५० च्या दशकात कंबाइनला (कापणी-मळणीच्या यंत्राला) पुढे मक्याची कणसं तोडून घेणारं हेड बसलं, दाणे शेतातच सुटू लागले आणि गोल पोलादी कोठ्या आल्या. रिकाम्या क्रिब पडायला लागल्या ते तेव्हापासून. म्हणून माझी भरलेलीच दाखवणार आहे.

कणसांसाठी १ मिमी तांब्याच्या तारेचे ४ मिमी तुकडे कापतोय. आतापर्यंत दोनशे झालेत, हजारभर तरी लागतील. पिवळा रंग तांब्यावर नीट धरत नाही. कुणी तांब्याला प्रायमर न लावता रंगवलंय का?