श्रीनगर ते कन्याकुमारी, साइडपट्टीवरून

भिंतीवरच्या नकाशात काश्मीर वर आणि कन्याकुमारी खाली असते, म्हणून बऱ्याच जणांना देणगी गोळा करण्यासाठीची ही सायकल राइड म्हणजे उतारच उतार वाटते. खरा उतार जम्मूपर्यंतच, तोही मधले चढ चढवून. पुढे पंजाब-हरियाणा सपाट, मग सागर-लखनादौनची चढउताराची पठारं, निर्मलचा घाट, आणि बंगळूर तर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. आम्ही ते ३६ दिवसांत बसवलं : ३१ दिवस सायकल, ५ राखीव. देणगीच्या राइडमध्ये वाटेत शाळांमध्ये थांबावं, बोलावं लागतं. रोज १८० किलोमीटरचा हिशेब कागदावरच राहतो.

राखीव दिवसांतले दोन जम्मूकडे उतरतानाच्या बनिहाल-रामबन या डोंगरी टप्प्यासाठीच ठेवावेत. पाऊस पडला की तिथे दरड येते. वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या संध्याकाळी बघितल्याशिवाय निघू नये. काझीगुंड-बनिहाल (सुमारे साडेआठ किलोमीटर) आणि चेनानी-नाशरी (नऊ किलोमीटरहून थोडा जास्त) हे दोन्ही बोगदे आम्ही सायकली सोबतच्या टेम्पोत घालून ओलांडले.

महिना कुठलाही निवडा, काहीतरी पदरात पडतंच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालं तर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस गाठतो. डिसेंबर-जानेवारीत जालंधर ते आग्रा दाट धुकं. भिजणं परवडतं, धुक्यात ट्रकवाल्याला न दिसणं परवडत नाही.

सगळी राइड होते ती पांढऱ्या रेषेच्या डावीकडच्या साइडपट्टीवर. मुख्य रस्ता गाड्यांच्या चाकांनी साफ राहतो, कचरा सगळा इथे. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या रेडियल टायरमधल्या बारीक पोलादी तारा. केसाएवढी तार टायरमध्ये शिरते, हवा हळूहळू जाते. नवी ट्यूब घालून दहा किलोमीटर जातो न जातो तोच पुन्हा पंक्चर, कारण तार आत तशीच असते. यावर उपाय घरूनच करून निघायचा : टायर बसवताना त्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणायचं. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं की टायरमधली जागा सापडते (ट्यूब उलटसुलट झाली असेल म्हणून दोन्ही बाजू तपासा). टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तारेत धागा अडकतो. चिमट्याने ओढा; नखाने निघत नाही. टायर ३२ मिलिमीटरचे असावेत. २५ वर हट्ट धरणारे असतात, त्यांच्यासाठी जास्तीच्या ट्यूब टेम्पोत ठेवाव्या लागतात.

याच पट्टीवर गावाजवळ उलट्या दिशेने मोटारसायकली येतात, आणि टोलनाक्याआधीचे रंबल पट्टे (वेग कमी करायला लावणारे उंचवट्यांचे पट्टे) हात बधिर करतात. करंगळी आणि शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर होऊ लागलं तर हँडलवरची पकड दर दहा मिनिटांनी बदला. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर सायकल चालत नाही, सर्व्हिस रोड धरावा. धर्मपुरीहून सेलमकडे उतरताना तोप्पूर घाट आहे. तिथे भरलेल्या ट्रकांचे ब्रेक जातात. दोघा-दोघांनी अंतर ठेवून उतरायचं, ब्रेक धरून न ठेवता सोडत-दाबत.

सुटे भाग कमी न्या, पण बरोबर न्या. मागच्या चाकात दोन्ही बाजूंचे स्पोक बहुधा वेगळ्या लांबीचे असतात आणि तुटतो तो बहुतेक चेनकडचा; मोजून त्याच लांबीचे चार न्या. डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) प्रत्येक मॉडेलचा वेगळा. वाटेत मिळणं कठीण, म्हणून प्रत्येकाचा एक जादा. चेन नवीन घालूनच निघा.

ओआरएसची पुडी एक लिटरसाठी असते. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत ती अख्खी ओतली की द्रावण जास्त खारट होतं, तहान भागत नाही आणि पोट बिघडतं. आम्ही मोठ्या जारमध्ये मोजून कालवून बाटल्या भरायचो.

आता पैसे. क्यूआर कोड थेट संस्थेच्या खात्याचा हवा, कुणा सायकलस्वाराचा नको. प्रवासखर्च देणगीतून भागणार की नाही, हे निघण्याआधीच जाहीर करावं; चौकात पहिला प्रश्न हाच येतो. करसवलतीची पावती हवी असणाऱ्याचा पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि दोन हजारांवरची रक्कम त्याच्याकडून रोख घेऊ नका, सवलत मिळत नाही. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने देऊ शकतो. अमेरिकन नागरिक झालेल्या भाच्याकडून मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तेही त्यासाठीच्या खात्यातच घेता येतं.

मुप्पंडलच्या पवनचक्क्या दिसल्या की शेवटचे थोडेच किलोमीटर उरतात. वारा आडवा असला तर सायकल ट्रकमागून बाहेर पडताना हेलकावते, हँडल दोन्ही हातांनी धरा. कन्याकुमारीत सायकल खोक्यात घालताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका, आणि हँगर काढून वेगळा गुंडाळा. रस्त्यावर वाचलेला हँगर वाकतो तो परतीच्या रेल्वे पार्सलात.