तगरचे कापड, विजापूरचा गालिचा

गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरल्यावर सोलापूरच्या हवेत पंधरा-वीस दिवस चांगला गारवा असतो. घरच्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे तर आमच्याकडे तेवढाच काळ, कारण एकदा फेब्रुवारी संपला की दुपारच्या उन्हात जुन्या वास्तू पाहत हिंडणे लहानांना आणि वृद्धांना सोसत नाही. दर वर्षी या दिवसांत आम्ही पुणे, कोकण नाहीतर गोवा अशी लांबची वाट धरत आलो. यंदा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपले गुडघे आता दहा तास गाडीत बसू देत नाहीत हे स्पष्टच सांगितले. तेव्हा सकाळी निघून रात्री घरच्या अंथरुणावर पाठ टेकता येईल, एवढ्याच टप्प्यातली गावे पाहायची असे ठरले. शनिवारी तेर आणि नळदुर्ग, रविवारी विजापूर. केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संग्रहालये बहुधा शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे शुक्रवार आधीच वगळला होता. मेव्हण्याची सात आसनांची गाडी मागून घेतली आणि अप्पा, आई, आम्ही दोघे, आठवीतली मुलगी व चौथीतला मुलगा असे सहा जण निघालो.

अप्पांविषयी थोडे सांगायला हवे, कारण या दोन दिवसांत मी जे पाहिले त्यातले बरेचसे त्यांच्या नजरेने पाहिले. त्यांची एकतीस वर्षे गिरणीच्या साचाखात्यात गेली आणि गिरणी बंद पडल्यावर पुढची दहा वर्षे यंत्रमागावर चादरी विणण्यात. आजही लग्नात कोणी शालू दाखवला तर ते रंगाबद्दल काही बोलत नाहीत; काठ चिमटीत धरतात, उलटा करतात आणि मगच मान हलवतात.

तुळजापूरला देवीचे दर्शन घेऊन आम्ही धाराशिवच्या पुढे माझ्या मावसभावाच्या शेतावर थांबलो. काळ्या रानात ज्वारी डोक्याइतकी उभी होती आणि बांधाजवळ गोवऱ्यांची आगटी पेटवून ठेवलेली होती. कोवळी कणसे निखाऱ्यात खुपसायची, हिरवेपणावर जरा काळपट डाग पडू लागले की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे सोडवायचे, हे काम पाहायला सोपे वाटते; माझ्या मुलाचे तळहात मात्र दुसऱ्याच कणसाला लाल झाले. वहिनींनी पळसाच्या पानावर हुरडा, उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, दही आणि गुळाचा खडा वाढला. शेंगा चटणी मिक्सरमध्ये फिरवली की तिचे नुसते कूट होते. ती कुटावी लागते, म्हणजे शेंगदाण्यातले तेल हळूहळू सुटते आणि तिखट, लसूण, जिरे त्या तेलात मुरतात. हुरड्याच्या कोवळ्या गोडीवर ही चटणी जशी लागते, तशी दुसऱ्या कशावरही लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेरला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. आमच्या आईसाठी तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, म्हणून तेरणेच्या काठी संत गोरा कुंभारांच्या समाधीपुढे ती बराच वेळ बसून राहिली. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर तिथून जवळच आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात दगडात कोरलेली चैत्यगृहे पुष्कळ आहेत, पण विटांनी बांधलेले आणि इतक्या शतकांनंतर उभे असलेले असे दुसरे मी पाहिलेले नाही.

आमचा खरा वेळ गेला तो संग्रहालयात. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, आणि आसपासच्या रानातून जमवलेल्या वस्तूंवर हे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. पाऊस पडून गेल्यावर मातीतून वर आलेले मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, सातवाहनांची नाणी, केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती अशा वस्तू ज्या गावात मुले खेळायला घेत, त्या गावात एका माणसाला त्या जपून ठेवाव्याशा वाटल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार मोठा आदर वाटतो. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही इथेच आहे. मराठवाड्याच्या उन्हापावसात लाकूड इतकी शतके टिकते, हे त्या चौकटीपुढे उभे राहिल्यावरच पटते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या पुस्तिकेत या शहराचे नाव येते. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. तगरहून काय येई, याचीही नोंद आहे: पुष्कळसे साधे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल. हा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरावर नेत असत. मी हे अप्पांना वाचून दाखवले तेव्हा ते काचेपुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला तो भाग पुन्हा वाचायला लावला. "जाडं आणि मलमल, दोन्ही एकाच गावात?" त्यांनी विचारले. "म्हणजे कातणारे हात वेगळे असणार. मलमलीचं सूत ज्याच्या हाताला येतं, त्याला कोण जाडं कातायला बसवेल?" आणि थोड्या वेळाने, "महिनाभर गाडीत कापड न्यायचं म्हणजे गठ्ठे फार नीट बांधावे लागत असतील. आत ओल गेली की माल गेलाच." या नोंदीबद्दल मी आजवर जे काही वाचले आहे, त्यात गठ्ठ्यांचा विचार केलेला मला आठवत नाही.

हस्तिदंतात कोरलेली उभ्या स्त्रीची एक लहानशी मूर्ती या संग्रहालयाचे भूषण आहे. इटलीत 1938 साली पाँपेईच्या उत्खननात अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि या दोघींच्या घडणीतले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोहोचलेली होती. माझी मुलगी काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती. मूर्तीच्या अंगावरचे दागिने इतक्या बारकाईने कोरले आहेत की कोरणाऱ्याची पटाशी केवढी असेल, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. आई म्हणाली, "सुईएवढी असंल," आणि त्याहून चांगले उत्तर मला अजूनही सुचलेले नाही.

नळदुर्गला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती, त्यामुळे किल्ला धावतच पाहावा लागला. बोरी नदी अडवून घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, 1613 सालचा. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या दालनात उभे राहून ते कोरड्या अंगाने पाहता येतात. जानेवारीत ते पाहायला मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही आम्ही गेलो आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही, कारण पाणी नसताना बंधाऱ्याची चिरेबंदी वरपासून खालपर्यंत नीट दिसते. मुले उपळ्या बुरुजावर चढून आली. रात्री साडेआठला आम्ही घरी होतो.

रविवारी सहालाच विजापूरचा रस्ता धरला. आता त्या शहराचे अधिकृत नाव विजयपूर असले तरी आमच्या तोंडून विजापूरच येते. आईचे माहेर इंडी तालुक्यातले असल्यामुळे भीमेचा पूल ओलांडताच ती कन्नडमध्ये बोलू लागते आणि मुलांना त्याची मोठी मौज वाटते. गोल घुमट सकाळी लवकर पाहावा. चार कोपऱ्यांच्या सात मजली मनोऱ्यांपैकी एकातून जिने चढून वरच्या सज्जात गेल्यावर भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते खरी, पण शाळांच्या सहली आल्या की त्या गलक्यात काहीच कळत नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे आणि खाली महंमद आदिलशाहाच्या कबरीभोवती एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो सगळा भार तोलून धरलेला आहे. मुलगा सज्जातल्या भिंतीला तोंड लावून पलीकडे बसलेल्या बहिणीला पाढे म्हणून दाखवत होता, आणि ती तिकडून त्याच्या चुका सांगत होती.

अप्पा जिने चढू शकत नव्हते, म्हणून ते आणि आई घुमटासमोरच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात थांबले. आम्ही खाली आलो तेव्हा अप्पा एका जुन्या गालिच्यापुढे उभे होते आणि आईच्या सांगण्यावरून पाहता अर्धा तास तिथून हललेले नव्हते. शिलालेख, हत्यारे, चिनी मातीची भांडी, हस्तलिखिते असे पुष्कळ काही त्या संग्रहालयात आहे, परंतु त्यांच्यासाठी तिथे त्या गालिच्याखेरीज काहीच नव्हते. रंग विटले होते, एका कडेची लोकर झिजून खालचा ताणा उघडा पडला होता आणि अप्पांना नेमके तेच दिसत होते. त्यांनी मुलीला जवळ बोलावून हे उभे धागे, हे आडवे, आणि प्रत्येक गाठ हाताने मारलेली, असे बोटाने हवेतच दाखवले. "मागची बाजू दिसली असती तर सांगितलं असतं, कसल्या हाताचं काम आहे," ते म्हणाले. माझ्या मते संग्रहालयांनी निदान एका कापडाची उलटी बाजू पाहणाऱ्याला दिसेल अशी ठेवावी. विणणाऱ्याची ओळख तिथेच असते.

जेवायला आईने तिच्या माहितीतल्या खानावळीत नेले. ताटात पातळ, कडक जोळद रोट्टी, तेलात शिजलेले भरल्या वांग्याचे एण्णेगाई, मोड आलेल्या मुगाची उसळ, कारळ्याची चटणी, दही आणि शेंगा हिंडी. ही हिंडी म्हणजे आमचीच शेंगा चटणी, फक्त थोडी कोरडी आणि लसूण जरा जास्त. रोट्टी म्हणजे आमचीच कडक भाकरी. ज्वारी तीच, काळी माती तीच. आपण मात्र एकीला सोलापुरी म्हणतो आणि दुसरीला उत्तर कर्नाटकी. आईने वाढणाऱ्याला "इन्नोंद रोट्टी कोड्री" म्हटले आणि त्याने विचारपूस करून तिचे माहेरचे गाव काढले, मग आमच्या प्रत्येकाच्या ताटात न मागता वांगे पडले.

दुपारी मुलूख मैदान तोफ पाहिली. ही प्रचंड तोफ 1549 साली अहमदनगरला ओतलेली आहे. परतताना मुख्य रस्ता सोडून हत्तरसंग कुडलला वळलो. भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात, तुळईवर, शके 940 म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखाहून तो जुना असल्याचे काही अभ्यासक मानतात. सोलापूरचे अभिलेख संशोधक आनंद कुंभार यांनी या परिसरातल्या लेखांवर आयुष्य वेचले. "वाछि तो विजेया होईवा", जो वाचील तो विजयी होईल, असे शब्द त्यात आहेत. मुलाने मान वर करून अक्षरे लावायचा प्रयत्न केला आणि त्याला एक 'त' ओळखता आला. संगमाच्या घाटावर बसून आम्ही विजापूरहून बांधून आणलेल्या रोट्ट्या संपवल्या आणि अंधार पडताना सोलापूरकडे निघालो.

सोमवारी सकाळी मी कामावर जायच्या गडबडीत असताना माळ्यावरची ट्रंक खाली आली होती. अप्पांनी तिच्यातून त्यांच्या हातची एक जुनी चादर काढून पलंगावर पसरली होती आणि मुलीला ती उलटी करून दाखवत होते: वर जिथे लाल फूल, तिथे खाली तेच फूल पांढरे, वरचा धागा खाली जातो कुठे आणि परत येतो कुठे, हे मागावरच्या जकार्डची, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोके पाडलेली पत्रे ठरवतात. मुलगी गणिताच्या वहीतली पट्टी आणून एका इंचात किती धागे बसतात ते मोजत होती.