डीपीतला रोजगार आणि डीपीतली बस एकत्र तपासा

बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यमापन) अधिसूचनेप्रमाणे त्या इमारतीला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ज्या विकास आराखड्यामुळे (डीपीमुळे) ती इमारत तिथे उभी राहिली, त्या आराखड्याला मात्र अशी कोणतीच परीक्षा नाही. हे उलटं आहे. दहा हजार माणसं रोज कुठून कुठे जाणार, हे एकेका इमारतीच्या फायलीत ठरत नाही. नकाशावर त्या पट्ट्याला कुठला रंग दिला, तिथेच ते ठरून गेलेलं असतं.

इंग्लंडमध्ये २००४ च्या नियोजन कायद्याने स्थानिक आराखड्याचं शाश्वतता मूल्यमापन सक्तीचं केलं. धोरण, त्याला असलेले पर्याय आणि आहे तसंच चालू ठेवलं तर काय होईल, हे तिथे लेखी मांडावं लागतं. आपल्याकडे हे काम नागरिकांवर येऊन पडतं, आणि त्यासाठी हातात असते १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २६ मधली हरकती-सूचनांची ३० दिवसांची मुदत. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ नंतरचा डीपी जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे या ३० दिवसांत निसटलेली चूक पुढची कितीतरी वर्षं भोगावी लागते.

डीपीच्या प्रारूप अहवालात सर्वसाधारणपणे रोजगाराचं प्रकरण वेगळं आणि वाहतुकीचं वेगळं असतं. पहिल्यात हेक्टर मोजलेले असतात, दुसऱ्यात रस्त्यांची रुंदी. माणसं दोन्हीकडे नसतात. म्हणून सगळ्यात आधी हेक्टरची माणसं करायची.

समजा ४ हेक्टरचा भूखंड आयटीसाठी दाखवलाय आणि एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, २.५ आहे. बांधीव क्षेत्र झालं १ लाख चौरस मीटर. माणशी १० चौरस मीटर धरले तर १०,००० कर्मचारी. हजेरी ८५ टक्के, आणि त्यातले निम्मे सकाळच्या एकाच तासात येतात असं धरा: ४,२५० माणसं. यांतली ४० टक्के कारने, ४० टक्के दुचाकीने आणि २० टक्के बसने आली, तर कारमागे १.२५ माणसं धरून १,३६० कार होतात. दुचाकीमागे १.१ धरून सुमारे १,५४५ दुचाक्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात वर्दळीत दुचाकी ०.७५ पीसीयू (एक कार म्हणजे एक पीसीयू) धरतात, म्हणजे त्यांचे साधारण १,१६०. बेरीज २,५०० च्या वर. आता क्षमता बघा. शहरातल्या चौपदरी दुभाजकाच्या मुख्य रस्त्याची क्षमता याच काँग्रेसच्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत दोन्ही दिशा मिळून ताशी ३,६०० पीसीयू आहे, म्हणजे एका दिशेला १,८००. एका भूखंडाने रस्ता संपवला, आणि त्या रस्त्यावरची बाकीची वाहतूक आपण अजून धरलेलीच नाही.

आता तेच गणित निम्मी माणसं बसने आणून करा. २,१२५ प्रवासी, बसमध्ये ६०, म्हणजे ताशी ३६ बस. बसला २.२ पीसीयू धरला तरी ८० च्या आसपास. फेरीला जाऊन-येऊन दीड तास लागत असेल तर ५४ बस लागतील, दुरुस्तीसाठी १० टक्के राखीव धरून ६०. हा ६० चा आकडा हरकतीत लिहायचाच, कारण त्यातून पुढचे प्रश्न आपोआप निघतात: या बस रात्री उभ्या कुठे राहणार, आगाराचं आरक्षण कुठल्या गट नंबरवर आहे, पैसे कोण देणार?

पुण्याजवळच्या हिंजवडीत हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात अवघड आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचं नियोजन एमआयडीसीकडे (औद्योगिक विकास महामंडळ), आजूबाजूच्या गावांचं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि २००७ साली पीएमटी व पीसीएमटी एकत्र करून झालेली पीएमपीएमएल ही बस कंपनी मालकीने पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. रोजगार एकाच्या नकाशात, बस दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात. कोणाचाही आराखडा एकटा वाचला तर तो बरोबरच वाटतो. म्हणून शेजारच्या प्राधिकरणाचा नकाशा त्याच प्रमाणात काढून शेजारी ठेवावा, आणि हद्दीवर रस्ते जुळतात का ते बघावं. एका बाजूला २४ मीटरचा रस्ता हद्दीपलीकडे १२ मीटरचा होतो, अशी जागा सापडली की तिथला कोंडीचा चौक आजच सांगता येतो.

हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो २३ किलोमीटरची आहे, आणि टीओडीच्या, म्हणजे स्थानकाजवळ दाट बांधकामाच्या, नियमात स्थानकाभोवती ५०० मीटरमध्ये ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. धोरण योग्य आहे. अडचण ५०० मीटर मोजण्यात आहे. नकाशावर ते वर्तुळ असतं, आणि माणूस वर्तुळातून चालत नाही. मधे कंपनीची सलग भिंत, नाला किंवा महामार्ग आला की ४०० मीटरचं अंतर सव्वा किलोमीटर होतं. प्रत्येक स्थानकापासून खऱ्या वाटेने ५०० मीटर आखून बघा, वर्तुळाचा केवढा भाग गळतो ते लगेच दिसेल. फूटपाथची चालण्यायोग्य रुंदीही टेपने मोजा: आयआरसी १०३ मध्ये किमान १.८ मीटर सांगितली आहे, व्यापारी भागात २.५. डीपी आणि झाडांचा कट्टा वगळून मोजायची. (इथला डीपी म्हणजे विजेचा डबा. मोजताना तोच सगळ्यात जास्त आडवा येतो.)

पार्किंगचा नियमही याच टेबलावर ठेवा. अहवाल म्हणतो सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य, आणि २०२० ची युडीसीपीआर ही राज्याची बांधकाम नियमावली किमान पार्किंग सक्तीने बांधायला लावते. एका कारच्या जागेला २.५ बाय ५, म्हणजे १२.५ चौरस मीटर, आणि वळायची वाट धरून जवळपास दुप्पट. ज्या कार्यालयात माणसाला १० चौरस मीटर मिळतात, तिथे त्याच्या कारला २५. धोरण आणि नियम एकमेकांविरुद्ध जात असतील तर इमारत नियमाप्रमाणे उभी राहते, कारण नकाशा मंजूर करताना अहवाल कोणी उघडत नाही.

रोजगाराच्या बाजूने एक गोष्ट हमखास सुटते. औद्योगिक पट्ट्यात निवासी वापराला परवानगी देण्याची तरतूद नियमावलीत आहे. त्यामुळे नकाशावर कारखान्याचा रंग असला म्हणून तिथे वीस वर्षांनी कारखाना असेलच असं नाही. घरांना जास्त भाव मिळतो, म्हणून जमीन तिकडे झुकते. कामगार तिथल्याच वस्तीत राहतो, काम मात्र वीस किलोमीटर लांब जातं. म्हणून मागच्या डीपीतल्या किती औद्योगिक हेक्टरवर आज निवासी इमारती आहेत, हे विद्यमान भूवापराच्या नकाशावरून काढा आणि तेवढी घट नव्या आकड्यातून वजा करा. सुरक्षारक्षक, सफाई आणि कॅन्टीनमधली माणसं अहवालात बहुधा नसतातच. त्यांची पाळी पहाटे सुरू होते आणि रात्री उशिरा संपते, म्हणून वेळापत्रकात पहिली आणि शेवटची बस किती वाजता आहे ते बघा.

माहिती जुनी आहे हे मान्य करूनच बसावं लागतं. कामावर कोण कशाने आणि किती लांब जातं, हे २०११ च्या जनगणनेच्या बी-२८ तक्त्यात मिळतं. शेती आणि घरगुती उद्योग त्यात नाहीत. आस्थापनांतल्या रोजगारासाठी सहावी आर्थिक गणना, २०१३-१४ ची. या दोन्हींना ताज्या मोजणीची जोड द्या: कंपनीच्या फाटकावर सकाळी साडेआठ ते साडेदहा, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, कार, दुचाकी, रिक्षा, बस आणि पायी असे पाच प्रकार. मोजणी मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान ठेवा, सोमवार आणि शुक्रवारची गर्दी वेगळी असते.

हरकत लिहिताना ‘वाहतुकीचा विचार केलेला नाही’ असं वाक्य उपयोगाचं नाही. त्यावर सुनावणीत ‘नोंद घेतली’ एवढंच होतं. शीट क्रमांक, गट किंवा सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नेमका कोणता बदल हवा, आणि त्याखाली गणित. उदाहरणार्थ: अमुक गटातलं आगाराचं आरक्षण कायम ठेवावं, कारण शेजारच्या पट्ट्याला ६० बस लागणार आहेत. आगाराच्या बाबतीत कलम १२७ ही लक्षात ठेवा: १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. त्यामुळे आरक्षणासोबत संपादनाचं वर्ष आणि अंदाजपत्रकातलं शीर्षही मागा.

हरकतीच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. कलम २८ खालच्या नियोजन समितीसमोर बोलायला वेळ थोडाच मिळतो, म्हणून गणिताचं एक पान आणि नकाशाचं एक पान इतकंच सोबत न्या, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याला एकेक प्रत द्या.