‘दोन तासांत येतो’ म्हणून गरवायला निघताना

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघालेला माणूस दारातून ‘दोन तासांत येतो’ असं सांगून जातो. मला या वाक्याचा राग येतो. गळ दोन तास पाण्यात राहायला हवा असेल तर घराबाहेर चार तास जातात, आणि हौसेने बोट ठरवली असेल तर पाच. फसवायचा हेतू कोणाचाच नसतो. हिशेबात फक्त पाण्याकाठचा सुखाचा वेळ धरलेला असतो, बाकीचा कोणी धरतच नाही.

काठावर पोचलं की दोरी लगेच पाण्यात पडते, हाही गैरसमज. रॉडचे, म्हणजे काठीचे, तुकडे जोडायचे, दोरी गुंडाळणारं रीळ बसवायचं, दोरी काठीवरच्या एकेका कडीतून ओवायची, मग पाण्यावर तरंगणारा फ्लोट, वजनाला शिसं आणि शेवटी गळ. हात बसलेला असेल तर १५ मिनिटं, नसेल तर अर्धा तास. सुटलेली कडी गाठ मारून झाल्यावरच दिसते. त्याहून चीड आणणारी चूक रिळाच्या वळत्या तारेची, म्हणजे दोरी धरून गुंडाळणाऱ्या उघडझाप तारेची. ती तार उघडायला विसरून दोरी ओवली तर दोरी तारेच्या बाहेर राहते. सगळा साज चढतो आणि रीळ फिरवल्यावर एक इंचही दोरी गुंडाळली जात नाही. लोक वैतागून गाठ कापतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. कापायची काहीच गरज नसते. वरची कळ फिरवून दोरीची फिरकी काढून घ्यायची, तार उघडायची, फिरकी परत बसवायची, दोरी तारेखाली घेऊन तार मिटायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

गाठीला मात्र घाई नको. नायलॉनच्या दोरीला पाच-सहा वेढे द्यावेत आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरी तापते, तिथेच कमजोर होते आणि नेमक्या मोठ्या माशाला सुटते. इथे वाचवलेलं अर्धं मिनिट पुढे अख्ख्या फेरीच्या किमतीला पडतं.

तळ्यावर फ्लोटने गरवायचं असेल तर खोली मापायची पाच मिनिटंही धरावी लागतात. गळाला जड शिसं लावून सोडायचं. फ्लोट बुडाला तर तो दोरीवर आणखी वर सरकवायचा, आडवा पडला तर खाली, आणि नेमका टोकावर उभा राहिला की थांबायचं. हे न करता बसणाऱ्यांचं आमिष बहुतेक वेळा तळापासून हातभर वर लोंबत असतं आणि मासे खाली चरत असतात. मग चाऱ्याचे संत्र्याएवढे तीन-चार गोळे एकाच जागी टाकायचे आणि वाट पाहायची. मासे जमायला २० मिनिटंही लागतात, पाऊण तासही. या वेळात उतावीळ माणूस आणखी गोळे टाकत राहतो. मासे येतात, पोटभर खातात आणि गळाकडे ढुंकून पाहत नाहीत. सुरुवातीनंतर दर १०-१५ मिनिटांनी लिंबाएवढा गोळा पुरतो.

आता भरतीच्या पाण्याबद्दल, कारण खाडीच्या तोंडावर वेळ घड्याळ ठरवतच नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे पाणी चढायला सहा तासांवर थोडा वेळ आणि उतरायलाही तेवढाच. पण ते सारख्या वेगाने चढत नाही. जुना ठोकताळा असा, की एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर वर येतं आणि तिसऱ्या तासात पाऊण मीटर. या मधल्या वेगात छोटे मासे आणि कोळंबी प्रवाहाबरोबर ओढली जातात आणि मोठे मासे त्यांच्या मागे लागतात. म्हणून सहा तासांची भरती असली तरी कामाचे तास दोन-तीनच. भरती पुरी झाल्यावर पाणी थबकतं तेव्हा फ्लोट जागच्या जागी डुलत राहतो. ज्याला भरती-ओहोटीचा तक्ता पाहायची सवय नाही तो नेमका याच वेळी येतो, तासभर बसतो आणि ‘इथे मासाच नाही’ म्हणून उठतो.

मासा असतो. तास चुकलेला असतो.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रविवारी सहाला साधलेली भरती पुढच्या रविवारी सहाला साधत नाही. त्या वेळी बहुधा ओहोटी चालू असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पाणी इतकं ओढतं की हलकं शिसं तळाशी टिकत नाही, दर दोन मिनिटांनी दोरी किनाऱ्याला लागते. तेव्हा जड शिसं हवं, नाहीतर प्रवाह मंदावेपर्यंत थांबायला हवं. खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर उभे असाल तर परतीचा तास आधी ठरवा: ओहोटी संपून पाणी फिरलं की निघायचं, मासा लागत असला तरीही. सुरुवातीचा संथ चढ पाहून माणूस निवांत राहतो आणि परतीची वाट तिसऱ्या तासात पाण्याखाली जाते.

गोड्या पाण्यात हा हिशेब उजेडाचा आणि उष्णतेचा. सूर्योदयाआधी अर्धा तास ते नंतर दोन तास, आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास, एवढंच खरं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम तर ३० अंशांना साडेसात, आणि मासे खोल पाण्यात किंवा सावलीला जातात. पण ‘पहाटेच जा’ हा सल्ला शेवाळ-वनस्पतींनी भरलेल्या तळ्याला लागू नाही. त्या वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे सर्वांत कमी प्राणवायू पहाटेच असतो. अशा जागी ऊन पडून तास-दीड तास झाल्यावर गेलेलं बरं. झोपही होते, हा फायदा मी उगाच लपवत नाही.

पाचांपैकी बोटीवरच्या चार तासांतले जाण्या-येण्याचे ३०-४० मिनिटांचे दोन तुकडे वजा करा, पावणेतीन-तीन तास उरतात. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहतच नाही, आणि उरलेले सगळे तास कडेला वाकून जातात. मोठ्या कार्प माशासाठी दोन-तीन दिवस तंबू ठोकून बसणारेही आहेत, त्यांना माझा दंडवत.

माझ्या मते काठावर साडेतीन तासांपलीकडे बसणं हा हट्ट. चौथ्या तासाला डोळे फ्लोटवर असतात आणि लक्ष भलतीकडे. छोटे मासे आमिष कुरतडून नेतात, रिकामा गळ पाण्यात तसाच पडून राहतो आणि माणूस पाऊण तास मोठ्या धीराने वाट पाहतो. मीही हे केलंय. आता १५-२० मिनिटांनी आमिष तपासायचं, हालचाल नसेल तरीही. लहान मुलं बरोबर असतील तर तासभर पुरे, तेही बारीक गळ आणि बोटभर मासे असलेल्या जागी.

आणि मग ते ‘शेवटचं एकदा’. एका फेकीला मिनिट-दोन मिनिटं लागतात, पण शेवटची फेक कधी एकटी येत नाही, वीस येतात. तोवर अंधार होतो आणि गवतात पडलेला गळ दुसऱ्या कोणाच्या तरी पायाला सापडतो.

मासा ठेवणार असाल तर आतडी काढून बर्फात घालायला आणखी अर्धा तास, आणि उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ. सोडणार असाल तर हात ओले करून, नोजप्लायरने (लांब टोकाच्या पकडीने) गळ काढून, दहा सेकंदांत पाण्यात. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर रिळावर गोडं पाणी हलकेच शिंपडायचं. जोराची धार मारली तर मीठ आत जातं. रिळाची वरची (ब्रेकची) कळ सैल करून ठेवायची, दोरीचा शेवटचा मीटरभर खडबडीत लागत असेल तर कापून टाकायचा. ही दहा मिनिटंही त्या ‘दोन तासां’तलीच.